नळीजवळ श्वास सोडू नये

चिन्नमोगा, ३ डिसेंबर

मॅडमगारू,

नमस्कार. आधीच सांगते, माझं शुद्धलेखन वाईट आहे आणि फोनवर एकेक अक्षर शोधायला मला फार वेळ लागतो. एवढं लिहायला सगळी दुपार गेली. चुकलं तर हसू नका. बोलून सांगितलं असतं, पण समोरून 'हॅलो' आलं की माझा घसाच बंद होतो. शाळासुद्धा त्यामुळेच सुटली. आठवीत सर उभं करून मोठ्याने वाचायला लावायचे. मग मी गेलेच नाही. आता कोळंबी सोलायला जाते, तिथे बोलावं लागत नाही.

मी मंगा. समुद्रावर तरंगणारा तुमचा बोया साफ करतो त्या ओलेटी सिंहाद्रीची मुलगी. तुम्ही एकदा आमच्या घरी जेवला होतात. अम्माच्या हातचं चिंचेतलं कालवण खाऊन तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तुम्ही तरी "छान आहे, छान आहे" म्हणत होतात. मी दाराआडून बघत होते.

नान्ना, माझा बाप, परत आला नाही, मॅडमगारू. गेल्या महिन्यात वादळ आलं ना, त्या दिवशी सकाळी गेला. खेकड्यांची जाळी बाहेर राहिली होती. वारा यायच्या आत ओढून आणतो म्हणाला. एकटाच गेला. दोन दिवसांनी होडी सापडली, खाली दक्षिणेला, वाळूत पालथी पडलेली. तो सापडला नाही.

आमच्यात घरचा माणूस पाण्यावर असला की भांडं पालथं घालत नाहीत. तिकडे होडी पालथी होते म्हणतात. अम्माने अजून साधी वाटीपण पालथी घातलेली नाही. धुतलेली सगळी भांडी अंगणात तोंड वर करून. पाऊस पडला की भरतात. ती ओतते, पुसते, परत तशीच ठेवते.

नागूर बाबाय म्हणजे नान्नाचा धाकटा भाऊ. तो म्हणतो, गवताचा माणूस करून जाळू, अकरावा घालू, संक्रांतीच्या आत सगळं उरकू, नाहीतर अण्णाचा जीव मधल्यामध्ये फिरत राहील. अम्मा म्हणते, "जिवंत माणसाला जाळायला निघालास होय रे?" दोघांचं रोज हेच. गल्लीतल्या बायका येतात, बसतात, अम्माच्या हातातल्या बांगड्यांकडे बघतात आणि जातात.

माझं विचारणं एवढंच आहे. नान्ना सांगायचा की पाणी कुणीकडे वाहतंय तेही तुमच्या बोयाला कळतं. त्या दोन दिवसांत कुणीकडे वाहत होतं? कळलं तर बाबाय त्या बाजूच्या गावांत विचारून येईल.

आणि बोयावर आता शिंपले धरले असतील. ते कोण काढणार माहीत नाही. बाबाय तिकडे जायला घाबरतो.

तुमची
मंगा


विशाखापट्टणम, ४ डिसेंबर

मंगा,

मला काहीच माहीत नव्हतं. किती दिवस मी त्यांना फोन करतेय, फोन बंद. मला वाटलं माझ्यावर रागावलेत. शेवटी मी एक मेसेज टाकला, "सिंहाद्रीगारू, हे काम नको असेल तर तसं स्पष्ट सांगा." तो तुमच्यापैकी कुणी वाचला नसावा, एवढीच देवाकडे मागणी.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही पाणी किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे जात होतं, जोरात. तिसऱ्या दिवशी ते वळलं आणि बाहेर खोलात गेलं. म्हणजे दक्षिणेकडच्या गावांत विचारायला हवं. मीही इथून बंदरातल्या लोकांना विचारते.

तुला लागेल तेव्हा लिही. शुद्धलेखन वगैरे सोड. आणि मॅडम नको म्हणूस, अक्का म्हण.

सुभाषिणी


चिन्नमोगा, ९ डिसेंबर

सुभाषिणी अक्का,

बाबाय सगळ्या गावांत जाऊन आला. एका ठिकाणी एक चप्पल दाखवली, ती नान्नाची नव्हती. अम्माला तेवढ्यानेही बरं वाटलं.

तुमचा मेसेज कुणी वाचला नाही. फोन नान्नाच्या गळ्यातच होता, प्लास्टिकच्या पिशवीत. आणि तो तुमच्यावर रागावला नव्हता हो. तुमची नक्कल करायचा. बोट वर करून म्हणायचा, "सिंहाद्रीगारू, नळीजवळ श्वास सोडू नये!" अम्मा भांडायला लागली की गाल फुगवून, तोंड भिंतीकडे करून बसायचा. ती म्हणायची, "आता काय झालं?" तो बोट दाखवायचा. बोयाची हवा ओढायची नळी जवळ आहे, श्वास धरलाय. मग ती अजून चिडायची.

तुम्ही काय मोजता ते त्याने आम्हाला नीट समजावलं होतं. पूर आला की नदी वरचा पालापाचोळा आणते, तो समुद्रात कुजतो, मग समुद्र श्वास सोडतो. थंडीत पाणी निवळून हिरवं झालं की तोच समुद्र श्वास आत घेतो. अक्का त्याच्या श्वासाचं माप घेते, म्हणायचा. अम्मा म्हणाली, "म्हातारा झालाय तो, धाप लागत असेल. माप कसलं घेताय, औषध द्या."

उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली पोरं बोयावर चढून विड्या ओढत बसली होती, आठवतं? तुमचा लगेच फोन आला, "कोण आहे तिथे?" त्या दिवशी नान्ना गावभर सांगत सुटला, "तिकडे विशाखापट्टणमला खुर्चीत बसून बाईला कळतं, आपल्या समुद्रावर कोण श्वास घेतोय!" त्यानंतर पोरं मुद्दाम जाऊन नळीत फुंकायची आणि तुमचा फोन यायची वाट बघायची. नान्ना त्यांना शिव्या द्यायचा, पण हसायचा पण. एकदा अम्माला म्हणाला, "मला उशीर झाला तर रडत बसू नकोस. बोयाला धरून बसेन आणि नळीत फुंकर मारीन. अक्काचा तुला फोन येईल, तुमचा नवरा इथे आहे, घेऊन जा." अम्मा म्हणाली, "मी सांगेन, राहू द्या तुमच्याकडेच."

आता तीच गोष्ट ती रोज सांगते आणि म्हणते, "तरी मी असं बोलायला नको होतं."

मंगा


चिन्नमोगा, १६ डिसेंबर

अक्का,

तुमचं उत्तर आलं नाही. मी काही चुकीचं लिहिलं का? तुमची नक्कल करायचा ते सांगितलं म्हणून राग आला का? तो वाईट मनाने करायचा नाही.

काल बाबायने गवत आणून ओट्यावर ठेवलं. अम्माने ते रस्त्यावर फेकून दिलं.

मंगा


विशाखापट्टणम, २० डिसेंबर

मंगा,

राग नाही गं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी बघायला घेतलं होतं, आणि बघितल्यावर तुला काय लिहावं ते मला सुचेना. आजही सुचलेलं नाही, पण लिहिते.

बोया तासातून एकदा दोन घोट घेतो. एक पाण्यातल्या हवेचा, एक वरच्या हवेचा. दोघांतला फरक बघून आम्ही ठरवतो, समुद्र कार्बन वायू देतोय की घेतोय. आपण सोडलेल्या श्वासात तो वायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे कुणी नळीजवळ श्वास सोडला की आकडा एकदम उडी मारतो. तुमची पोरं मुद्दाम फुंकायला लागली तेव्हा मी कंटाळले. मी कॉम्प्युटरला शिकवून ठेवलं की असा उडालेला आकडा आला तर बाजूला टाक, मला दाखवूच नकोस. तेव्हापासून ते तसंच चाललंय. म्हणून मग मी पोरांसाठी फोन केले नाहीत. पोरांना वाटलं असेल मी दमले.

हे तुझ्या नान्नाला मी सांगितलं नाही. सांगायला हवं असं मनातच आलं नाही. त्यांच्या दृष्टीने अजूनही फुंकर मारली की माझ्याकडे घंटा वाजत होती.

मी टाकून दिलेले आकडे उघडले. वादळाच्या दिवशी दुपार उलटल्यावर एक उडी आहे. पुढच्या तासाला दुसरी. मग दर तासाला एक. पोरं फुंकायची तेव्हा कधी लागायची, कधी हुकायची, कारण नळी कधी हवा ओढते ते त्यांना माहीत नव्हतं. ओढायच्या आधी आतला पंप जरासा घुरघुरतो. ते तुझ्या नान्नाला माहीत होतं. मीच शिकवलं होतं, घुरघुर ऐकली की तोंड वळवा म्हणून. इथे एकही घोट हुकलेला नाही.

उजाडेपर्यंत आहेत. नंतर नाहीत.

मंगा, ते तिथे होते. ते मला हाका मारत होते. मी घरी होते. वाऱ्याने खिडकी आपटत होती म्हणून उठून ती लावली, एवढंच मला त्या रात्रीचं आठवतं.

सुभाषिणी


चिन्नमोगा, २२ डिसेंबर

अक्का! अक्का!

तुम्ही रडू नका. तुमचं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. मोठ्याने! अम्मा, बाबाय, शेजारची पेंटम्मा आत्या, तिच्या सुना, एवढी माणसं समोर होती आणि माझा घसा बंद झाला नाही.

अम्मा आधी माझ्याजवळ सरकून बसली. मग म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. मग ती टाळी वाजवून उठली. "फुंकत होता! सगळी रात्र फुंकत होता! मी काय सांगत होते तुम्हाला?" पेंटम्मा आत्या म्हणाली, "पण मग थांबला का गं?" अम्मा म्हणाली, "वेडी का तू? उजाडलं, कुणाला तरी दिसला, उचलला त्याला. जहाजावर चढल्यावर कोण नळीत फुंकतं?"

आणि खरंच की, अक्का. असंच असणार. मला तर वाचतानाच कळायला हवं होतं. जहाज लांबच्या देशात गेलं असेल. त्याचा फोन भिजलेला. नंबर त्याला एकही पाठ नाही, स्वतःचासुद्धा नाही. कसा कळवणार?

अम्माने आज किती दिवसांनी केसांना तेल लावलं. झिंगे आणून कालवण केलं. बाबायला म्हणाली, "गवत आणलं होतंस ना? पेंटम्माच्या म्हशीला घाल. अण्णा आला की सांगते त्याला, धाकट्याने तुला पेटवायची किती घाई केली होती." सगळे हसले.

बाबाय हसला नाही. जेवलापण नाही. बाहेर जाऊन विडी ओढत बसला. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाला, "मंगा, त्या दिवशी बंदर बंद होतं." मला त्याचा खूप राग आला.

त्या सकाळी तिथून कुठलं जहाज गेलं ते तुम्हाला काढता येईल का? बंदरातले लोक तुमचे ओळखीचे आहेत ना? नाव कळलं की पुरे. अम्मा म्हणते, अक्काचे उपकार आम्ही सात जन्मात फेडणार नाही.

तुमची
मंगा


विशाखापट्टणम, २७ डिसेंबर

मंगा,

हे पत्र मी चारदा लिहून पुसलं. गप्प बसावं असंही वाटलं. पण तू मला विचारलंस, आणि ज्याने माझ्यावर भरवसा ठेवून रात्रभर फुंकर मारली त्याच्या मुलीला मी खोटं सांगणार नाही.

मी बंदरात विचारलं. दोनदा विचारलं. त्या सकाळी, किंवा त्या अख्ख्या दिवसात, तिथून कुणीही गेलं नाही. सगळी जहाजं आदल्या दिवशीच दूर खोल पाण्यात पाठवली होती. मासेमारीची एकही होडी बाहेर नव्हती.

दुसरं एक आहे. मागच्या पत्रात मी ते लिहिलं नव्हतं. उड्या सारख्या नाहीत. पहिल्या उंच आहेत, भरलेल्या छातीच्या. मध्यरात्रीनंतर त्या उतरत जातात. शेवटची तर इतकी बारीक आहे की कॉम्प्युटरने ती टाकलीसुद्धा नाही. जरा जड हवा समजून चांगल्या आकड्यांत ठेवून दिली. त्या महिन्याचे चांगले आकडे मी वरच्या लोकांना पाठवले, त्यात ती आहे. म्हणजे ती माझ्या डोळ्यांखालून गेली होती, आणि मी पुढे गेले.

मी डोळ्यांनी काही बघितलेलं नाही. आकडा म्हणजे माणूस नव्हे. पण मला जे वाटतं ते तुलाही आता वाटत असेल.

अम्माला काय सांगायचं, सांगायचं की नाही, ते मला ठरवता येत नाही. हे ओझं मी तुझ्यावर टाकतेय हे मला कळतंय. तू लहान आहेस. मला माफ कर असंही म्हणवत नाही.

सुभाषिणी


चिन्नमोगा, ११ जानेवारी

अक्का,

उशीर झाला.

तुमचं पत्र आलं ते मी कुणाला सांगितलं नाही. अम्मा रोज विचारायची, "अक्काचं आलं?" मी मान हलवून नाही म्हणायचे. असे बरेच दिवस गेले. मग एके दिवशी कोळंबी सोलून घरी आले तर ती माझ्याकडे बघतच बसली. म्हणाली, "आलंय. तुझं बोलणं बंद झालंय." मी रडायला लागले. ती म्हणाली, "वाच."

मी वाचलं. या वेळी आम्ही दोघीच होतो. शेवटच्या फुंकरीचं होतं तिथे तिने मला थांबवलं आणि विचारलं, "किती बारीक?" मी तीच ओळ परत वाचली. तिने आपल्या तळहातावर हळूच फुंकून बघितलं. एकदा, दोनदा. मग उठून भात लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाबायच्या होडीपाशी जाऊन उभी. मला बोयाकडे ने म्हणाली. बाबाय म्हणाला, "वदिना, बायका होडीत चढत नाहीत. गंगम्मा देवी रागावेल." अम्मा म्हणाली, "चढले ते सगळे पुरुषच ना? त्यांच्यावर कुठे खूश होती?" बाबायने होडी ढकलली. मीपण चढले. मला कुणी नको म्हटलं नाही.

पाणी अगदी शांत होतं, हिरवं. या दिवसांत श्वास आत घेतं ना, तसं. बोया लांबून छोटा वाटतो, जवळ गेलं की आपल्या घराएवढा. खालून सगळा शिंपल्यांनी भरलेला. वर लोखंडी चौकट आहे, नळी आहे त्याच्या बाजूला, तिथे नान्नाचा पंचा होता. लाल काठाचा. त्याने मनगट बांधून घेतलं असणार. गाठ तशीच होती चौकटीला, घट्ट, सुकून लाकडासारखी झालेली. पुढे पंचा फाटला होता, चिंध्या होऊन.

बाबाय अण्णा अण्णा करून ओरडून रडला. मी पण. अम्मा रडली नाही. तिने गाठीवरून बोटं फिरवली, सगळीकडून. म्हणाली, "त्याचीच आहे. डाव्या हाताने मारलीय. बघ, त्याने सोडली नाही." मग परत म्हणाली, "सोडली नाही त्याने. नेलं त्याला." मला तेव्हा कळलं की तिला इतके दिवस हेच खात होतं. ती त्याला 'राहू द्या तुमच्याकडेच' बोलली होती, म्हणून त्यानेच हात सोडला की काय, हे.

आम्ही निघणार तर ती बाबायला म्हणाली, "सुरी दे. आलोच आहोत तर." आणि शिंपले खरवडायला बसली. आम्ही पण बसलो. ऊन वर आलं तरी ती थांबेना. नळीजवळ आली की गाल फुगवून तोंड तिकडे फिरवायची. बाबाय म्हणाला, "वदिना, आज सोड गं श्वास. आज कोण बोलणार आहे तुला?" अम्मा म्हणाली, "त्या पोरीचं माप चुकेल."

तुमचं माप त्या दिवशी बरोबर आलं का? आम्ही तिघं होतो तिथे. आम्ही सांभाळून होतो.

परवा गवताचा माणूस केला. अम्मानेच वळला, बाबायला जमत नव्हतं. त्याच्या हाताला पंच्याचा तो तुकडा बांधला, गाठीसकट. काठावर जाळला. वारा होता, चटकन जळला. पेंटम्मा आत्या आणि बायका बांगड्यांसाठी आल्या तेव्हा अम्माने आपणहून हात पुढे केले. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती फक्त म्हणाली, "हळू. हाताला लागतंय."

आता तिचे हात एकदम बारीक दिसतात. भाकरी थापताना आवाज येत नाही, त्याने मला जास्त रडू येतं.

तिने तुम्हाला एक विचारायला सांगितलंय. तो शेवटचा, बारीक, तुमच्या चांगल्या आकड्यांत चुकून राहिलाय, तो आता तुम्ही काढून टाकणार का? तिचं म्हणणं आहे की नका काढू. एवढ्या मोठ्या समुद्राच्या श्वासात माणसाचा एक राहिला तर कुणाला कळणारे? आणि बाकीचे जे टाकून दिलेत ते कुठे असतील तिथे असू देत, पण हा राहू दे. तुमच्या कामात ते चालत नसेल तर तसं लिहा. ती समजून घेईल. मी वाचून दाखवेन.

आत्ता बाहेर भयंकर आरडाओरडा चाललाय. गल्लीतल्या दोरय्याने संक्रांतीच्या झुंजीसाठी वर्षभर बदाम खाऊ घालून वाढवलेला कोंबडा पळाला म्हणे, आणि देवळाच्या छपरावर जाऊन बसलाय. सगळी गल्ली शिड्या घेऊन धावतेय. अम्मापण गेली बघायला. मी जाते.

मंगा